आमच्या घरातील जर्मन खाऊ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी आजी उत्तर जर्मनीतील ल्यूबेक शहराची आणि आजोबा पुण्याच्या सदाशिव पेठेतले. आजोबा 1957 साली पश्चिम जर्मनीत यंत्र अभियांत्रिकी शिकायला गेले, तेथेच दोघांचे लग्न झाले आणि 1962 मध्ये आजी पुण्यात आली ती कायमचीच. माझे बालपण 1970 च्या दशकाच्या अखेरीपासून 1980 च्या दशकात गेले. त्या काळी वर्षातून एकदा, क्वचित दोनदा, आजीच्या धाकट्या बहिणीकडून, म्हणजे आमच्या मावशीआजीकडून, ल्यूबेकहून पार्सल येत असे. त्या पार्सलातील खाऊविषयी भाचरे विचारतात, शेजारी विचारतात आणि हल्ली ज्यांची मुले नोकरीनिमित्त जर्मनीत आहेत असे आईवडीलही विचारतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरे एके ठिकाणी सविस्तर लिहून ठेवत आहे.

पार्सल घरापर्यंत कसे येत असे?

बोटीने. विमानाचे टपाल महाग असल्यामुळे मावशीआजी सप्टेंबरच्या सुरुवातीलाच पार्सल रवाना करीत असे, म्हणजे ते नाताळापूर्वी पोहोचेल असा तिचा हिशेब असे. माझे वडील सांगतात की जून 1967 पासून जून 1975 पर्यंत सुएझ कालवा बंद होता, तेव्हा बोटी संपूर्ण आफ्रिकेला वळसा घालून येत आणि नाताळाचा खाऊ कधी कधी होळीला हाती पडे. माझ्या लहानपणी कालवा पुन्हा सुरू झालेला होता. टपाल कार्यालयातून चिठ्ठी आली की आजोबा सायकल काढून जात, असेल ती जकात भरत आणि कॅरिअरला बांधलेले खोके घेऊन हळूहळू परत येत.

खोके उघडण्याचा मान आजीचा होता. सुतळी कापलेली तिला मुळीच चालत नसे. एकेक गाठ नखाने सैल करून ती सोडवत असे, सुतळी बोटांभोवती गुंडाळून बाजूला ठेवत असे आणि मगच तपकिरी कागदाला हात घालत असे. आम्ही तिघे भावंडे तोवर समोर मांडी घालून बसलेलो असायचो. कागद निघाला की पहिला वास साबणाचा येई, कारण मावशीआजी रिकाम्या कोपऱ्यांत अंघोळीच्या साबणाच्या वड्या भरत असे. त्या दोन-तीन महिन्यांच्या प्रवासात साबणाचा वास चॉकलेटलाही लागत असे. जर्मन चॉकलेटला मुळातच तसा वास असतो, असे मी बरीच वर्षे समजत होतो.

चॉकलेटवर पांढरट थर असे, तो बुरशीचा होता का?

नाही. कोकोतील लोणी साधारण 34 अंश सेल्सिअसला वितळते. तांबड्या समुद्रातून येताना बोटीच्या पोटात ते वितळायचे, पुढे पुन्हा गोठायचे आणि गोठताना त्यातील स्निग्धांश पृष्ठभागावर येऊन राखेसारखा दिसायचा. चव थोडी भुरभुरीत होते, पण खाण्यास अपाय नसतो. आजही एप्रिल-मे महिन्यांत कोणी चॉकलेट आणले तर हाच प्रकार होतो.

लेबकूखन म्हणजे नेमके काय? त्याला मसाल्यांचा वास का येतो?

लेबकूखन हा नाताळातील मसालेदार, मऊ, बिस्किटापेक्षा जाड आणि केकपेक्षा घट्ट असा पदार्थ आहे. त्याची राजधानी न्युर्नबर्ग. 'न्युर्नबर्गर लेबकूखन' या नावाला युरोपात 1996 पासून भौगोलिक मानांकनाचे संरक्षण आहे, त्यामुळे शहराबाहेर केलेल्या लेबकूखनाला ते नाव लावता येत नाही. त्यांतील सर्वांत वरचा दर्जा 'एलिझेनलेबकूखन' हा होय. त्यात बदाम, हेझलनट किंवा अक्रोड किमान 25 टक्के असावे लागतात आणि पीठ 10 टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. खाली 'ओब्लाटे' नावाची कागदासारखी पातळ, पिठाची चकती असते. ती काढून टाकायची नसते, तीही खायची असते. आमच्या शेजारच्या काकूंनी पहिल्यांदा ती कागद समजून सोलली होती आणि आजीने त्यांना थांबवले होते.

मसाल्यांविषयी मात्र जरा थांबून सांगावेसे वाटते. दालचिनी, लवंग, वेलदोडा, जायफळ, जायपत्री, सुंठ, धणे असा सगळा ऐवज त्यात असतो, म्हणजे आपल्या वाण्याच्या दुकानातील एक संपूर्ण फळी. जर्मनीत याला 'फेफरकूखन' असेही म्हणतात. फेफर म्हणजे मिरी, पण जुन्या काळी दूरदेशाहून आलेल्या कोणत्याही मसाल्याला तेथे सरसकट मिरीच म्हणत. न्युर्नबर्ग आणि आउग्सबर्ग येथील सावकार-व्यापाऱ्यांचे या मसाल्यांकडे इतके लक्ष होते की 1505 साली फ्रान्सिस्को द आल्मेइदाचा जो पोर्तुगीज काफिला लिस्बनहून हिंदुस्थानकडे निघाला, त्यात वेल्झर, फुगर आदी जर्मन घराण्यांनी पैसा घातला होता. वेल्झरांचा माणूस बाल्थाझार श्प्रिंगर त्या काफिल्याबरोबर मलबार किनाऱ्यापर्यंत आला आणि परत गेल्यावर त्याच्या प्रवासाची हकीकत 1509 मध्ये छापली गेली. त्याच काफिल्याने गोव्याच्या दक्षिणेस कारवारजवळच्या अंजदीव बेटावर किल्ल्याचे काम सुरू केले होते. आजीला ही गोष्ट फार प्रिय होती. डबा उघडताना ती म्हणत असे, "घ्या, तुमचा वेलदोडा सासरहून माहेरी आला."

तो डबा पत्र्याचा होता आणि त्याच्या झाकणावर न्युर्नबर्गचा किल्ला उठावात काढलेला होता. लेबकूखन संपले की आजी संक्रांतीच्या तिळगुळाच्या वड्या त्यात भरत असे, आणि धुऊन पुसूनही डब्यात राहिलेला लवंग-जायपत्रीचा वास त्या वड्यांना लागत असे. आमच्याकडचा तिळगूळ वेगळा का लागतो, असे हळदीकुंकवाला आलेल्या बायका विचारत. त्याचे कारण हा डबा.

मार्झिपान आणि काजूकतली एकच का?

दोन्हींत सुकामेवा आणि साखर आहे, पण कृती निराळी आहे. कतलीसाठी साखरेचा पाक करून त्यात काजूची पूड घोटतात. मार्झिपानासाठी बदाम गरम पाण्यात घालून सोलतात, साखरेबरोबर ओलेच वाटतात आणि तो गोळा तव्यावर किंवा कढईत परतून कोरडा करतात. त्याला कच्चा गोळा म्हणतात. मग त्यात पुन्हा थोडी पिठीसाखर आणि बहुधा गुलाबपाणी मळतात. जितकी साखर कमी तितका माल उंची. ल्यूबेकचे मार्झिपान म्हणवून घ्यायचे तर 70 भाग कच्च्या गोळ्यात जास्तीत जास्त 30 भाग साखर मळता येते, आणि उंची प्रतीत हे प्रमाण 90 ला 10 असते. ल्यूबेकमधील नीडरएगर ही पेढी 1806 पासून हाच धंदा करीत आहे.

गोव्यातील आणि मुंबईतील ख्रिस्ती घरांत नाताळ-ईस्टरला काजूचे मार्झिपान करतात, ते मात्र खरोखर या दोहोंच्या मधले आहे. युरोपातून आलेली कृती आणि येथे पिकणारा मेवा यांचा मेळ त्यात आहे, आणि चवीला ते उत्तम लागते.

आमच्या घरातील मार्झिपानाची एक वेगळी बाजू आहे. आमची पणजी कडक सोवळ्याची होती. परदेशाहून आलेल्या डब्याला ती शिवत नसे. पण आजीने बदाम भिजवून, सोलून, पाट्यावर वाटून घरीच मार्झिपान केले आणि सासूसमोर बशी ठेवून सांगितले, "आई, यात बदाम, साखर आणि गुलाबपाणी, एवढेच आहे." पणजीने विचार करून म्हटले, "मग हे एकादशीलाही चालेल." त्यानंतर आषाढी आणि कार्तिकी एकादशीला पणजीच्या ताटात साबुदाण्याच्या खिचडीशेजारी मार्झिपानाचा एक लहान गोळा असे. जर्मनीतही बटाट्याच्या आकाराचे, कोकोच्या भुकटीत घोळवलेले असे छोटे गोळे नाताळात करतात. पणजी त्यांना "आजीचे बटाटे" म्हणत असे आणि बटाटाही उपासाला चालतोच, असे वर सांगत असे.

आजीने स्वतः लहानपणी हा सगळा खाऊ खाल्ला होता का?

फारच थोडा. तिचा जन्म 1936 चा. ती साडेपाच वर्षांची असताना, 1942 च्या मार्च महिन्यात पाम संडेच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या रविवारच्या, आदल्या रात्री, ल्यूबेकवर बॉम्बहल्ला झाला आणि जुन्या शहराचा मोठा भाग जळाला. पुढची आठ वर्षे शिधापत्रिकेवर गेली. पश्चिम जर्मनीतील साखरेचे रेशनिंग 1950 मध्ये उठले, तेव्हा ती चौदाव्या वर्षात होती. बदाम तर बाजारात नव्हतेच, म्हणून लोक रव्याचे मार्झिपान करीत. रवा दुधात किंवा पाण्यात शिजवायचा, असेल तेवढी साखर घालायची आणि कडू बदामाच्या अर्काचे दोन थेंब टाकायचे. आजीच्या लहानपणची मार्झिपानाची खरी चव ती होती.

पुण्यात आल्यावर सासरी पहिल्यांदा प्रसादाचा शिरा तिच्या हातावर पडला तेव्हा ती रडली, आणि नव्या सुनेला काय झाले हे कोणालाच समजेना. आजोबांनाही ते कारण तिने बऱ्याच वर्षांनी सांगितले. परदेशी खाऊचे कौतुक करणाऱ्या प्रत्येकाला मी ही हकीकत आवर्जून सांगतो, कारण ज्या खाऊला आम्ही 'आजीच्या माहेरचा' म्हणत होतो, तो तिला स्वतःला तिच्या बालपणी मिळाला नव्हता. मावशीआजी तिच्याहून चार वर्षांनी लहान. बहिणीच्या नातवंडांना ती इतका भरभरून खाऊ का पाठवी, हे यावरून समजते.

ती काळी, खारट गोळी कसली? मुले ती थुंकून का टाकतात?

ती झाल्मियाकची गोळी. ती चौकटीच्या पानावरील खुणेसारखी शंकरपाळ्याच्या आकाराची असते. तिच्यात दोन मुख्य गोष्टी असतात आणि गंमत अशी की दोन्ही आपल्या घराला परक्या नाहीत. एक ज्येष्ठमधाचा अर्क, जो आपण खोकल्यावर देतो, आणि दुसरी अमोनियम क्लोराईड, म्हणजे चक्क नवसागर.

माझ्या लहानपणी वाड्यात कल्हईवाला येत असे. तो भाता मारून पातेले तापवी, त्यात नवसागराची चिमूट टाकी, पांढरा धूर उठे आणि मग तो कथलाची काडी फिरवून बोळ्याने पातेले लख्ख करी. झाल्मियाकची गोळी जिभेवर ठेवली की तोच धूर आतून नाकात चढल्यासारखे वाटते. मी आजीला तसे सांगितले तेव्हा ती उठून अंगणात गेली, कल्हईवाल्याकडून नवसागराचा खडा मागून आणला आणि कपाटातील पाकीट काढून दोन्ही माझ्या तळहातावर शेजारी शेजारी ठेवले. घरातील सर्व प्रश्नांत तिला हा प्रश्न सर्वांत आवडला होता.

ज्येष्ठमधाच्या गोळ्यांची आवड जर्मनीत सर्वत्र सारखी नाही. उत्तरेकडील लोक त्यांवर जीव टाकतात, दक्षिणेकडील लोक सहसा टाळतात, आणि माइन नदीच्या आसपास ही सीमा आहे असे मानून तिला गमतीने 'लाक्रिट्सचे विषुववृत्त' म्हणतात. मुलांना ती न आवडणे साहजिक आहे. नवसागराचे प्रमाण 2 टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर जर्मनीत पाकिटावर 'प्रौढांसाठी, मुलांसाठी नाही' अशी सूचना छापतात. उच्च रक्तदाब असलेल्यांनी ज्येष्ठमधाच्या गोळ्या नेमाने आणि भरपूर खाऊ नयेत, कारण त्यातील ग्लिसरायझिन या घटकाने रक्तदाब वाढतो आणि शरीरातील पोटॅशियम घटते.

रंगीत अस्वलांच्या गोळ्या शाकाहारी आहेत का?

नाहीत, आणि हे स्पष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. हारिबो हे नाव हान्स रीगल, बॉन या तीन शब्दांच्या आद्याक्षरांवरून आले आहे. रीगल यांनी 1920 मध्ये बॉन शहरात कारखाना काढला आणि 1922 मध्ये जत्रेतील नाचऱ्या अस्वलावरून पहिले गोड अस्वल केले. जर्मनीत विकल्या जाणाऱ्या त्यांच्या 'सोनेरी अस्वलां'त डुकरापासून केलेले जिलेटिन असते. तुर्कस्तानात त्याच कंपनीची गोवंशीय जिलेटिनची हलाल अस्वले बनतात, म्हणजे तीही अनेक हिंदू घरांत चालणार नाहीत. शाकाहारी हवे असेल तर काट्येस या जर्मन कंपनीची उत्पादने पाहावीत. तिने 2016 पासून प्राणिज जिलेटिन पूर्णपणे वगळले आहे.

आजीने ही गोष्ट घरात कधीही लपवली नाही. पहिले पाकीट आले तेव्हाच तिने पणजीला जिलेटिन कशाचे असते ते सांगितले होते. पणजी म्हणाली, "मुलांना खाऊ दे. माझ्या स्वयंपाकघरात मात्र आणू नको." त्यामुळे अस्वले कायम ओसरीवरच खाल्ली जात. आजी लाकडी पाटावर ती रंगानुसार ओळीने मांडत असे आणि तिघांना मोजून देत असे. वाटणी झाली की चूळ भरून घरात जायचे. कोणाला ही अडचण वाटेल, पण आम्हाला तो त्या खाऊचा रिवाज वाटत असे, आणि दोन्ही बायकांनी एकमेकींचा शब्द शेवटपर्यंत पाळला याचे मला आजही मोल वाटते.

चौकोनी चॉकलेटचे काय?

ते रिटर श्पोर्ट. क्लारा रिटर या बाईंनी 1932 मध्ये सुचवले की वडी लांबट करण्याऐवजी चौकोनी करावी, म्हणजे खेळाच्या जाकिटाच्या खिशात न मोडता मावेल. वजन मात्र इतरांएवढेच 100 ग्रॅम. कारखाना श्टुटगार्टजवळील वाल्डेनबूख येथे आहे. शाळेच्या चड्डीच्या खिशातही ते बरोबर मावत असे.

किंडर जॉय जर्मन आहे ना?

नाही. 'किंडर' हा मुले या अर्थाचा जर्मन शब्द आहे, पण कंपनी इटलीची फेरेरो. खेळणे पोटात असलेले चॉकलेटचे अंडे तिने 1974 मध्ये बाजारात आणले आणि ते आमच्या पार्सलातही येत असे. आज भारतात मिळणारा किंडर जॉय पुणे जिल्ह्यातील बारामतीच्या कारखान्यात तयार होतो. माझ्या मुलीला हे सांगितले तेव्हा तिला अजिबात नवल वाटले नाही, मला मात्र अजूनही वाटते.

चोवीस दारांचे कॅलेंडर काय असते?

डिसेंबरच्या 1 तारखेपासून 24 तारखेपर्यंत रोज एक लहानसे पुठ्ठ्याचे दार उघडायचे, आत चित्र किंवा चॉकलेटचा तुकडा असतो. त्याला 'आडव्हेंट्सकालेंडर' म्हणतात. छापील कॅलेंडरे विसाव्या शतकाच्या सुरुवातीस म्युनिक येथील गेर्हार्ड लांग यांनी प्रचारात आणली. लहानपणी त्यांच्या आईने पुठ्ठ्यावर चोवीस खाऊ लावून दिले होते, त्या आठवणीतून त्यांना ही कल्पना सुचली असे सांगतात. युद्धानंतर 1946 मध्ये, कागदाची टंचाई असताना, श्टुटगार्टच्या रिशार्ड झेल्मर यांनी हा उद्योग पुन्हा उभा केला.

आमच्याकडे तिघांत मिळून एकच कॅलेंडर येई, म्हणून थोरला, मधला, धाकटी अशी पाळी ठरली. चोवीसला तीनने भाग जातो, त्यामुळे सर्वांत मोठे, दुहेरी असलेले शेवटचे दार धाकटीच्याच वाट्याला जाते, हे थोरल्याच्या दुसऱ्या वर्षी लक्षात आले. मग सुरुवात कोणी करायची हे दरवर्षी फिरवावे असा नियम आजोबांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेमागे लिहून ठेवला. तो कागद माझ्याकडे आहे.

श्टोलन कोठून येत असे? तो तर पूर्व जर्मनीचा ना?

होय, आणि त्याचा मार्ग फार वाकडा होता. श्टोलन हा बेदाणे, बदाम आणि साखरेत मुरवलेल्या फळांच्या साली घातलेला, भरपूर लोणी पाजून वर पिठीसाखरेचा जाड थर दिलेला लांबट पाव. प्रसिद्ध आहे तो ड्रेस्डेनचा. पूर्वी नाताळाआधीच्या व्रताच्या काळात लोणी वर्ज्य असे आणि तेलात केलेला श्टोलन बेचव लागे. अखेर 1491 मध्ये पोप आठवे इनोसंट यांनी लोणी वापरण्यास लेखी परवानगी दिली. ते पत्र 'लोण्याचे पत्र' म्हणून ओळखले जाते.

आजीची आत्या ड्रेस्डेनजवळ, म्हणजे फाळणीनंतरच्या पूर्व जर्मनीत राहत असे. तेथे बदाम, बेदाणे, साली या वस्तूंचा तुटवडा असे, म्हणून पश्चिमेकडील नातेवाईक त्या पार्सलाने पाठवत. त्या पार्सलांवर 'भेटवस्तू, व्यापारी माल नाही' असे लिहावे लागे. त्याच साहित्याचा श्टोलन भाजून आत्या ल्यूबेकला परत पाठवत असे, आणि त्यातील एक तुकडा मेणकागदात गुंडाळून मावशीआजी पुढे विमानाच्या टपालाने आम्हाला धाडत असे. एवढ्या एकाच वस्तूसाठी तिने विमानाचा खर्च केला. श्टोलन मुरल्याने अधिक चांगला लागतो, त्यामुळे जानेवारीत आला तरी बिघडत नसे. बर्लिनची भिंत पडली 1989 मध्ये. आत्या त्याआधी दोन वर्षे गेली.

शाळेच्या पहिल्या दिवसाचा कागदी शंकू म्हणजे काय?

जर्मनीत पहिलीत जाणाऱ्या मुलाला खाऊ, पेन्सिली आणि खेळण्यांनी भरलेला, जवळजवळ त्याच्या छातीइतका उंच पुठ्ठ्याचा शंकू देतात. त्याला 'शूलट्यूटे' म्हणतात. ही चाल एकोणिसाव्या शतकात सॅक्सनी आणि थ्युरिंगिया या भागांतून पसरली. आजीने आमच्यासाठी जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर, ड्रॉइंग पेपरचे शंकू केले. त्यांत राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की आणि तळाशी जपून ठेवलेली दोन जर्मन चॉकलेटे असत.

आता तीच पाकिटे आणली तरी तीच चव का लागत नाही?

काही कारणे वस्तूतच आहेत. कृती बदलतात. जर्मनीतील सोनेरी अस्वलांत 2007 पासून हिरवे अस्वल सफरचंदाच्या चवीचे आहे, आमच्या वेळी ते तसे नव्हते. चॉकलेट आता वातानुकूलित मार्गाने येते आणि त्याला साबणाचा वास लागत नाही. हे शेवटचे कारण मी पूर्ण विचाराअंती लिहीत आहे. एकदा मी नवे चॉकलेट महिनाभर साबणाच्या वडीशेजारी बंद डब्यात ठेवून पाहिले आणि पहिल्या घासाला मला ओसरी दिसली.

पण मुख्य कारण माझ्या मते तिथीचे आहे. त्या काळी परदेशी खाद्यपदार्थ आपल्या दुकानांत जवळजवळ नसतच. आयातीवरील संख्यात्मक बंधने टप्प्याटप्प्याने उठली आणि शेवटचा मोठा टप्पा 1 एप्रिल 2001 ला पार पडला. त्यानंतर बाजारात बारमाही माल येऊ लागला. खुद्द जर्मनीतही लेबकूखन हल्ली सप्टेंबरपासूनच दुकानांत मांडतात आणि तेथील कित्येकांना ते खटकते. गुळपोळी चैत्रात केली तर पोटभर खाता येईल, पण ती संक्रांतीची गुळपोळी होणार नाही. या खाऊचेही तसेच आहे.

पाकीट विकत घेताना कोणते शब्द पाहावेत?

'गेलाटीने' म्हणजे जिलेटिन, 'श्वाइन' म्हणजे डुक्कर, 'रिंट' म्हणजे गोवंश. 'आल्कोहोल' किंवा 'लिकर' असे लिहिलेले चॉकलेट मुलांना देऊ नये, कारण चेरी घातलेल्या काही गोळ्यांत खरोखरीचे मद्य असते. 'वेगान' असे लिहिलेले असेल तर दूध-अंडेही नसते. 'मिंडेस्टेन्स हाल्टबार बिस' या शब्दांपुढील तारखेपर्यंत पदार्थ उत्तम राहतो.

उलट दिशेने, म्हणजे जर्मनीतील मुलांना दिवाळीचा फराळ पाठवणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की युरोपीय संघाबाहेरून मांस आणि दुग्धजन्य पदार्थ खासगी पार्सलाने पाठवण्यास तेथे मनाई आहे. पेढे, बर्फी पाठवू नये. चकली, तेलातील शेव आणि चिवडा पाठवावा.

लेबकूखन घरी करता येईल का?

अवश्य, आणि आयात पाकिटापेक्षा मी तेच सुचवीन. दोन अंडी आणि 150 ग्रॅम साखर फेसून घ्यावी. त्यात 250 ग्रॅम बदाम-अक्रोडांची जाडसर पूड, 100 ग्रॅम बारीक चिरलेली साखरेत मुरवलेली संत्र्याची साल, दोन चहाचे चमचे मसाला, अर्धा चमचा बेकिंग पावडर आणि चिमूटभर मीठ घालावे. मसाल्यात निम्मी दालचिनी आणि उरलेल्यात लवंग, वेलदोडा, जायफळ, सुंठ, धणे असावेत, लवंग हात राखून. मिश्रण रात्रभर झाकून ठेवावे. सकाळी कागदावर चमच्याने जाड चकत्या घालून 160 अंशांवर सुमारे 20 मिनिटे भाजावे. मध्यभाग मऊ असतानाच बाहेर काढावे, कारण गार झाल्यावर ते घट्ट होते. डब्यात सफरचंदाची एक फोड ठेवली तर मऊपणा टिकतो, पण आपल्या हवेत ती रोज बदलावी लागते.

अंडी चालत नसतील तर मधात मळलेल्या कणकेचे, तपकिरी लेबकूखन करतात. ते फुलवण्यासाठी जर्मनीत अमोनियम कार्बोनेट वापरतात. आपले बेकरीवाले त्याच जातीच्या पदार्थाला नुसते 'अमोनिया' म्हणतात. हे लेबकूखन सुरुवातीला दगडासारखे कडक असते आणि दोन-तीन आठवड्यांनी नरम पडते, म्हणून घाई करू नये.

तुमच्याकडे आता हा खाऊ केव्हा असतो?

लेबकूखन मी नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी करतो आणि 6 डिसेंबरला, म्हणजे संत निकोलाउसच्या दिवशी, डबा उघडतो. आदल्या रात्री माझी मुलगी आणि भाचे बूट घासून दाराबाहेर ठेवतात आणि सकाळी त्यांत अक्रोड, संत्री आणि चॉकलेट सापडते. नववर्षाच्या आदल्या संध्याकाळी मार्झिपानाची लहान डुकरे करतो, जर्मनीत ती शुभ मानतात. आषाढी आणि कार्तिकी एकादशीला पणजीचे बटाटे असतातच. लेबकूखन संपले की किल्ल्याच्या चित्राचा तो डबा धुऊन उन्हात वाळवतो. झाकणावरील एका बुरुजाचा रंग पूर्ण गेला आहे, पण वास आहे. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात त्यात तिळगुळाच्या वड्या भरतो.